काथोड मुकादमाच्या नावापुढची ओळ

काथोड, तुझ्या दहाव्याला मी चिखलात पडलो.

नुसता घसरलो असतो तर कोणी पाहिलं नाही असं समजून निभावलं असतं. पण सतरा वर्षं खाडीच्या कामांवर काढलेला सरकारी ओव्हरसियर, डोक्याला पागोटं, अंगात परीटघडीचा अंगरखा, कोपरीच्या साऱ्या गावादेखत गुडघ्याच्याही वर रुतला. तिथी मोजून, घटका मोजून, ओहोटी कधी लागेल याचं गणित करून घरून निघालो होतो. म्हटलं, आज तरी काथोडला दाखवू, आपण शिकलो. गणित बरोबर आलं. पाणी अगदी सांगितल्या वेळी ओसरलं. पाणी ओसरल्यावर खाली चिखल उरतो, तेवढं मात्र मी गणितात धरलं नव्हतं. तुझ्या दोघा भाच्यांनी काखेत हात घालून मला वर ओढलं. एक वहाण खाडीनं ठेवून घेतली. रडणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या, आणि तुझी बायको जानकी, जी दहा दिवस कोणाशी बोलली नव्हती म्हणे, ती बोलली, "तो आस्ता त आज पोट धरून हासला आस्ता."

मी तिथं एका कामासाठी आलो होतो. पिंडाला कावळा शिवला नाही की माणसं पुढे होऊन वचनं देतात, तुझं अमुक राहिलं असेल तर आम्ही करू म्हणून. तुझं काय राहिलं होतं ते मला ठाऊक होतं. पिंड मांडला की कावळा अडून बसणार, भाचे म्हशीचं वचन देणार, मेहुणा शेताचं देणार, कावळा काही हलणार नाही, आणि मग मी पुढे होऊन सगळ्यांसमक्ष म्हणणार, असं सगळं मनाशी योजलं होतं. वाक्यसुद्धा तयार होतं. भटजी मागे सरतात न सरतात तोच कावळा उतरला आणि शिवला. बाजूला बसून वाटसुद्धा पाहिली नाही. साऱ्यांनी हात जोडले, म्हणाले, तृप्त होऊन गेला मुकादम. मी एका वहाणेवर उभा, चिखलानं माखलेला, वाक्य तोंडातल्या तोंडात.

अरे, जाताना तरी अडवायचंस मला.

तुला मी हयातभर अरेतुरे केलं. तू माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, आणि तू मला 'भाऊसाहेब' म्हणायचास तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो, मिशीसुद्धा धड नव्हती. खात्याची रीतच तशी: मुकादमाला एकेरी, ओव्हरसियरला साहेब. आज 'अहो काथोडराव' असं लिहायला घेतलं, पण दोन शब्दांतच वाटलं, हा तर फिदीफिदी हसेल. म्हणून तूच. यात उद्धटपणा असेल तर तोही जुनाच आहे, समजून घे.

आता ती ओळ.

ठाण्याच्या मरामत खात्याच्या कचेरीत एक रजिस्टर आहे. सरकारी सडका, पूल, धक्के बांधताना माणसं पुरवणाऱ्या मुकादमांची त्यात नावं आहेत, नावापुढे शेऱ्याचा रकाना आहे. तुझ्या नावापुढे लिहिलंय: 'करार मोडला. समज दिली.' या दोन वाक्यांपायी सतरा वर्षं तुझ्या नावावर सरकारी काम निघालं नाही. कामं तूच केलीस, पण कागदावर तुझ्या मेहुण्याचं नाव. कल्याणच्या बंदराचा धक्का तुझ्या माणसांनी बांधला, डोंबिवलीची मोरी तुझ्या माणसांनी बांधली, आणि कागदोपत्री हे सगळं ज्यानं केलं तो तुझा मेहुणा भरतीच्या पाण्यात पाय घालायलासुद्धा भितो.

ती ओळ तुझ्यामुळे पडली नाही. ती माझ्यामुळे पडली. हे तुला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, खात्यात तिसऱ्या कोणाला नव्हतं. म्हणून हे लिहायला बसलोय.

आपली पहिली गाठ आठव. कोपरीच्या खाडीकाठी होड्यांचा माल उतरवायला दगडी धक्का बांधायचा होता, आणि ते माझं पहिलं काम. मजुरांशी करार कसा करावा, याचा खात्याचा छापील नमुना होता. तो सडकांच्या कामांसाठी कोणी साहेबानं पुण्याच्या बाजूला कुठेतरी बसून केलेला. सकाळी सातला हजेरी, बारा ते दोन जेवणाची सुट्टी, दोन ते सहा काम. सातनंतर येईल तो गैरहजर. महिन्यात दहाहून जास्त दिवस गैरहजर तो कराराचा भंग. मी तो नमुना देवघरातली पोथी हाताळावी तसा हाताळला. नियमात लिहिलं होतं की करार मजुराला वाचून दाखवावा, म्हणून तुला बाभळीखाली बसवून सगळी कलमं खड्या आवाजात वाचली. तू टाचांवर बसून, डोळे मिटून ऐकत होतास. मला वाटलं, काय भारावलाय माणूस.

वाचून संपलं तेव्हा तू डोळे उघडलेस, खाडीकडे बोट केलंस आणि म्हणालास, "भाऊसाहेब, ह्ये खारीला वाचून दाखवलंत का?"

मी तुला गप्प केलं. सरकारी कागदाची थट्टा चालायची नाही म्हणालो. तू खांदे उडवलेस, टाक घेतलास आणि नावापुढे आपली निशाणी काढलीस, नांगर. इतर लोक नांगर म्हणून दोन रेघा ओढतात. तू फाळ काढलास, रुमणं काढलंस, वर दोरीची गाठसुद्धा काढलीस. शाई वाळेपर्यंत कागद सोडला नाहीस. तेव्हाच मला कळायला हवं होतं, की त्या कागदाला माझ्याहून तू जास्त मानतोस.

मग चार दिवस जे झालं ते खात्यात मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. अष्टमी जवळ आलेली. सकाळी सातला तुझी अठरा माणसं काठावर हजर, आणि धक्क्याची जागा पुरुषभर पाण्याखाली. मी हजेरी घेतली. सगळे हजर! फार समाधान वाटलं. मग सगळे बसून राहिले. मी त्यांना दगड मोजायला लावले. मोजून झाल्यावर पुन्हा मोजायला लावले. दुसऱ्या खेपेला तीन कमी भरले, म्हणून तिसऱ्यांदा. बाराच्या सुमाराला पाणी असं ओसरलं की तळ उघडा पडला, आणि मी घड्याळ काढून जेवणाची सुट्टी जाहीर केली. कलम म्हणजे कलम. दोनला सुट्टी संपली तेव्हा भरती लागून पाया बुडला होता. चार दिवसांत एक दगड बसला, तोही मी लाथ मारल्यानं गडगडत गेलेला.

पाचव्या दिवशी तू माझ्याजवळ येऊन हळूच म्हणालास, "आता तिला नोटीस काढा. करार मोडते रोज."

मी चिडलो, आणि मग हसू आलं, आणि मग भीती वाटली. महिनाअखेर साहेब तपासायला आले तर दाखवू काय? तेव्हा तू मला पाण्याचा कायदा शिकवलास. ओहोटी रोज दोन घटका पुढे सरते. आज या वेळी तर उद्या दोन घटका उशिरा. अमावास्या-पौर्णिमेला पहाटे तळ उघडा, अष्टमीला भर दुपारी. तू बोटांच्या पेरांवर मोजत होतास आणि मी वहीत लिहून घेत होतो, आणि तुला त्या वहीचं फार हसू आलं. "इतकं सोप्पं लिवून कश्याला ठेवताव?" मी म्हणालो, उद्यापासून ओहोटीला या. घड्याळाचं मी बघतो.

काथोड, 'मी बघतो' हे माझं वाक्य जिथं जिथं उच्चारलं गेलंय तिथं तिथं लोकांनी पुढे खस्ता खाल्ल्या आहेत. त्यात तू पहिला.

करारातलं कलम बदलायचं तर साहेबांना लिहून मंजुरी घ्यावी लागते. लिहायचं म्हणजे कबूल करायचं की मी खाडीच्या कामाला सडकेचा करार लावला आणि चार दिवस दगड मोजले. ते मी लिहिलं नाही. पण हजेरीबुकात खोटं लिहायचंही धाडस नव्हतं. म्हणून मी असा मार्ग काढला की ज्याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता: हजेरी सातची आहे, सातला जे असतील ते हजर, नसतील ते गैरहजर. तुम्ही नऊला येऊन, दहाला येऊन, पाण्यात कंबर मोडून दगड बसवायचा, भिंत वर चढायची, आणि मी बहुतेक दिवस सातला काठावर एकटा उभा राहून खऱ्याखुऱ्या अक्षरात लिहायचो: गैरहजर, गैरहजर, गैरहजर. खोटं काय लिहिलं मी? सांग!

महिना संपला, हजेरीबुक कचेरीत गेलं. हेडकारकुनानं भिंत पाहिलेली नव्हती, ती पाहणं त्याच्या कामात नव्हतं. त्यानं हजेरीबुक पाहिलं, करार पाहिला. तू कामाआधी माणसांसाठी आगाऊ रक्कम घेतली होतीस, आणि आगाऊ घेऊन कामावर न येणं म्हणजे करारभंगाच्या कायद्याखाली मॅजिस्ट्रेटपुढे उभं राहणं. कागद कारकुनाकडून साहेबाकडे, साहेबाकडून मॅजिस्ट्रेटकडे गेला, कोणीही एक शब्द न बोलता. तुला शिपाई न्यायला आला तेव्हा तू कमरेइतक्या पाण्यात चिरा बसवत होतास. कामावर गैरहजर असल्याबद्दल तुला कामावरून पकडून नेलं. ही गोष्ट मी एरवी मैफलीत सांगितली असती तर माणसं गडबडा लोळली असती. मी कधी सांगितली नाही, कारण या गोष्टीत पुढचे तीन दिवस येतात.

त्या तीन दिवसांत तू कोठडीत होतास, आणि मी अंथरुणात. मला ताप आला होता, असं मी तुला पुढे सांगितलं. काथोड, मला ताप नव्हता. मी कपाळावर सुंठीचा लेप लावून, दोन पासोड्या घेऊन, भर चैत्रात घामानं निथळत पडलो होतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तो घाम तापाचा म्हणून दाखवत होतो. माझं लग्न होऊन चार महिने झाले होते. नोकरी जाईल, याखेरीज डोक्यात दुसरं काही नव्हतं. खरं सांगायला मी मॅजिस्ट्रेटपुढे उभा राहिलो असतो तर पहिल्याच दिवशी तू सुटला असतास. आणि तू एक वाक्य बोलला असतास, की ओव्हरसियरनंच आम्हाला ओहोटीला यायला सांगितलं, तरी सुटला असतास. तू तेही बोलला नाहीस. फौजदारानं विचारलं, सातला हजर होतास का? तू म्हणालास, नव्हतो. एवढंच.

तिसऱ्या दिवशी सकाळी जानकी माझ्या दारात आली. रडली नाही, ओरडली नाही. ओटीच्या खाली उभी राहून म्हणाली, "भाऊसाहेब, मी त्यांना भाकर द्याया जाते. काय सांगू? तुमी येताव का नाय?"

आतून माझी बायको म्हणाली, "त्यांना बरं नाही." आणि मी, पासोडीखालून, माझ्या स्वतःच्या आवाजात ऐकलं, "येतो म्हणावं."

लेप पुसायचा राहिलाय, हे मॅजिस्ट्रेटच्या कचेरीत गेल्यावर शिपायानं सांगितलं.

पुढचं तुला माहीत आहे, तू पिंजऱ्यात उभा होतास. पण तुला तिथून माझं तोंड दिसत होतं, मॅजिस्ट्रेटचं नव्हतं, म्हणून सांगतो. तो माणूस कंटाळलेला होता पण मूर्ख नव्हता. त्यानं धक्का पाहिला होता, त्याच्या बंगल्याच्या वाटेवरच होता. त्यानं मला विचारलं, "ओव्हरसियर, तुमच्या हजेरीप्रमाणे महिनाभर या मुकादमाची माणसं बहुतेक दिवस आली नाहीत. मग ती भिंत कोणी बांधली?"

इथं खरं बोलायचं होतं. दार सताड उघडं होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "साहेब, माझं घड्याळ बिघडलंय. दोन-दोन तास पुढे धावतं. सात म्हणून मी हजेरी घ्यायचो तेव्हा पाच वाजलेले असायचे."

घड्याळ सासऱ्यांनी लग्नात दिलेलं. साहेबांनी मागून घेतलं, कानाशी धरलं, किती वाजले ते पाहिलं, आणि त्याच क्षणाला कचेरीचा तास पडला. मिनिटाचाही फरक नाही. सगळी कचेरी माझ्याकडे बघतेय. साहेब म्हणाले, "आत्ता तर बरोबर आहे."

मी म्हणालो, "सरकारी इमारतीत आलं की नीट चालतं, साहेब."

हसू कोणाला आवरलं नाही. तुलाही नाही, मी पाहिलं. खटला मोडला. मला सज्जड ताकीद, वर्षभर बढती बंद, आणि पुढे सात-आठ वर्षं खात्यात 'घड्याळजी' हे नाव. आणि तुझ्याबद्दल हुकूम झाला, की गैरहजेरी पूर्ण सिद्ध होत नाही, तरी मुकादमास समज देऊन सोडावे. त्या हुकुमावरून हेडकारकुनानं रजिस्टरात ओळ लिहिली. 'समज देऊन' म्हणजे काहीतरी मोडलंच असणार, नाहीतर समज कसली?

बाहेर आल्यावर मला वाटलं होतं तू पाया पडशील. मी पडू दिलं नसतं, पण वाटलं होतं. तू हातातली घोंगडी झटकलीस आणि विचारलंस, "ताप उतरला का?"

मी म्हणालो, उतरला. तू म्हणालास, "तुमी मना सोडवलंत, भाऊसाहेब. पन आमी खरे हुतो, ह्ये कुटं सांगितलंत?"

यावर मी काय म्हणालो होतो ते मला तंतोतंत आठवतं. मी म्हणालो, अरे, सुटलास ना? काम मिळाल्याशी कारण. तू म्हणालास, "काम मिलंल. नाव नाय मिलनार."

हे आपलं भांडण. ते सतरा वर्षं चाललं, आणि त्यात मी एकदाही जिंकलो नाही, फक्त दर वेळी विषय बदलला. आणि विषय बदलला की तू तेवढंच विचारायचास, "ताप कसा हाय?" पहिली दोन वर्षं मला वाटायचं, काळजीनं विचारतोस.

माझी बाजूही ऐकून घे, आता तुला मध्येच उठून जाता येत नाही. मी काहीच केलं नाही असं नाही. पुढच्या वर्षी मी घाबरत घाबरत साहेबांना लिहिलं, की खाडीच्या कामांच्या करारात घड्याळाऐवजी ओहोटी धरावी. हजेरी पाणी ओसरल्यावर, सुट्टी भरती आल्यावर. साहेबांना पटलं. ते कलम तुझ्या बोटांच्या पेरांवरून घेतलेलं, पण खाली नाव माझं. त्या कलमानंतर ठाण्यापासून कल्याणपर्यंत खाडीतल्या एकाही मुकादमाला सातच्या हजेरीपायी मॅजिस्ट्रेटपुढे उभं राहावं लागलं नाही. हे मी छाती फुगवून सांगतो, कारण त्यावर माझा अर्धा हक्क आहे. कागद गरिबाला बांधतो, असं तू म्हणायचास. मी म्हणायचो, नीट लिहिला तर तोच साहेबालाही बांधतो. यावर तू जी मान हलवायचास ती होकाराची की नकाराची, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

या कागदाच्या वादात एकदा मात्र तू हरलास. खडवलीला! आठवतं? कचेरीतल्या नकलनविसानं आपलं ते कलम जसंच्या तसं खडवलीकडच्या सडकेच्या करारात उतरवलं. समुद्र तिथून कुठल्या कुठे, खाडी नाही, आणि करारात लिहिलेलं: 'काम ओहोटी लागताच सुरू करावे, भरती येताच थांबवावे.' साहेबांची सही झालेली. तिथली माणसं सडकेच्या कडेला बसून राहिली, ओहोटी कुठे आहे म्हणाली. मला बोलावणं आलं. मी तुला बरोबर नेलं, कारण हा कागद माझ्यानं उलगडेना. तू त्या माणसांपुढे टाचांवर बसलास आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणालास, "सूर्य डोक्यावर आला का ही हितली भरती. पानी नाय, घामाची. तवा थांबायचं. ऊन उतरलं का ओहोटी."

साहेबांनी स्वतः सही केलेलं कलम चुकलं असं कोण म्हणणार? ते राहिलं. सारा वैशाख खडवलीच्या सडकेवरची माणसं दुपारी बारा ते तीन झाडाखाली झोपली, कायदेशीर. परत येताना तू बैलगाडीत पोट धरून हसत होतास. म्हणालास, "कागद बरा हाय, भाऊसाहेब. पन बरा कवा? चुकला तवा."

त्याच दिवशी, त्याच गाडीत, तू पहिल्यांदा सरळ मागितलंस. हसू ओसरल्यावर म्हणालास, "मंग माजी बी चूक नीट करा की. ती ओळ."

मी म्हणालो, करतो.

त्याला नऊ वर्षं झाली. रजिस्टर माझ्या टेबलापासून सात पावलांवर असतं. ओळ खोडायला मी का गेलो नाही? कारण खोडायची तर कारण लिहावं लागतं. कारण लिहायचं तर घड्याळ नीट चालत होतं हे लिहावं लागतं, म्हणजे मॅजिस्ट्रेटपुढे मी शपथेवर खोटं बोललो हे लिहावं लागतं. एका वर्षी बढती जवळ होती, पुढच्या वर्षी मुलीचं लग्न. दर वर्षी काहीतरी भरतीला होतं. मी ओहोटीची वाट पाहत होतो, आणि ती रोज दोन घटका पुढे सरते, हे तूच शिकवलेलं.

शेवटचा भेटलो तेव्हा तू ओटीवर बाजेवर होतास. मी तुझ्या कपाळाला हात लावला, चटका बसला. मी मूर्खासारखा म्हणालो, "काथोड, अरे, ताप आहे तुला." तू डोळे उघडले नाहीस. म्हणालास, "हाव. माजा खरा हाय."

मी हसलो, तूही हसलास, जानकी काय झालं म्हणून बाहेर आली. आणि मी सांगणार होतो तुला, त्या पासोड्यांचं, लेपाचं, सगळं. पण तुला ठाऊकच होतं, आणि ठाऊक असलेलं सांगायला जास्त धीर लागतो. मी म्हणालो, पुढच्या आठवड्यात ओळ काढून टाकतो. तू म्हणालास, "बरं." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी कचेरीत गेलो आणि रजिस्टर मागितलं.

हेडकारकून आता नवीन आहे, चलाख पोरगा, नियम तोंडपाठ. त्यानं नाव पाहिलं आणि विचारलं, "हा मुकादम वारला ना, भाऊसाहेब? मग मयत माणसाचा शेरा दुरुस्त करायला आधार काय? तसा नियम नाही."

सतरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडून वेळेवर बरोबर वाक्य निघालं. मी म्हणालो, "मयताचा नको करूस. जिवंत माणसाची चूक दुरुस्त करायला नियम आहे ना? मी जिवंत आहे."

त्यानं कोरा कागद पुढे सरकवला. मी त्याच्यासमोर बसून जबानी लिहिली. घड्याळ नीट चालत होतं. करारातली वेळ खाडीला लागू पडत नव्हती. ओहोटीला या असं मी स्वतः, तोंडी, मंजुरीशिवाय सांगितलं. मुकादमानं माझा शब्द पाळला आणि करारही पाळला, कारण करार धक्का बांधायचा होता आणि धक्का उभा आहे. मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढे मी खोटं बोललो. खाली सही केली, हुद्दा लिहिला. लिहिताना एकदाही अडलो नाही. एवढं सोपं होतं रे ते. म्हणूनच आता स्वतःचा जास्त राग येतो.

जबानी साहेबांकडे गेली. साहेब पेन्शन कापतील, की नुसते ओरडतील, की खटला भरतील, मला माहीत नाही. त्यांनी बोलावून एकच विचारलं, "आता का?" मी म्हणालो, उशीर झाला म्हणून. त्यांनी माझ्या जबानीवर 'शेरा दुरुस्त करावा, बाकीचा विचार स्वतंत्रपणे' असं लिहिलं. त्या 'बाकी'त मी आहे. असू दे. तुझ्या वेळी विचारासाठी कोणी असं थांबलं नव्हतं, माझी वाट पाहत तू तीन दिवस आत थांबलास तेवढंच.

नव्या ओळीची नक्कल करून घेऊन मी काल संध्याकाळी कोपरीला गेलो. जानकी ओटीवर तांदूळ निवडत होती. मी म्हणालो, वहिनी, कागद आणलाय. इतकी वर्षं मी तिला नुसतं जानकी म्हणत आलो. तिनं सूप बाजूला ठेवलं. वाचता येत नाही, म्हणून मी हलक्या आवाजात वाचून दाखवलं, जसं आजाऱ्याजवळ वाचतात.

तिनं ऐकलं. मग शेजारच्या कुडाकडे पाहिलं, समोरच्या ओटीवर बसलेल्या तुझ्या मेहुण्याकडे पाहिलं, आळीतून जाणाऱ्या दोघीतिघींकडे पाहिलं, आणि म्हणाली, "हलू कश्याला वाचताव? नेला तवा समद्या गावानं पायला व्हता. मोठ्यानं वाचा."

मी उभा राहिलो. पागोटं सारखं केलं. माणसं थांबेपर्यंत थांबलो, आणि खडा आवाज लावून, आळीच्या टोकाला ऐकू जाईल असं वाचलं:

"काथोड मुकादम, राहणार कोपरी. करार पाळला. आधीचा शेरा ओव्हरसियरच्या चुकीने पडला, तो रद्द."

तुझा मेहुणा म्हणाला, "परत वाचा." मी परत वाचलं.